जुन्या लष्करी गाड्यांचा छंद आणि घरची संमती

(ज्ञातिसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"निवृत्त माणसाचा छंद" या विषयावर आम्ही चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी केली. आम्ही ना विद्वान, ना वक्ते. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा १९७५ साली उत्तीर्ण झालो, अध्यापनाची पदविका घेतली, आणि १९७८ पासून २०१६ पर्यंत नगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतून मुलांना अक्षरओळख करून दिली. एवढीच आमची योग्यता. तथापि आमच्या अंगणात १९४४ सालची एक लष्करी जीप उभी आहे, ती चालते, आणि ती आम्ही बव्हंशी स्वहस्ते उभी केली आहे, हे पुष्कळांस ठाऊक असल्यामुळे आमची निवड झाली असावी.

चिटणीसांस होकार देण्यापूर्वी आम्ही घरी विचारले. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "बोला की. पण बोलायचेच तर सगळे बोला. छपराचेही सांगा." त्या समोर भगिनीवर्गात बसल्या आहेत. सबब आज जे काही सांगू ते साक्षीदारादेखत सांगत आहोत, हे श्रोत्यांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांत एके काळी होती, तशी आमच्याही घरी लोहारसाळ होती. ऐरण, भाता, घण, सांडशी हीच आमची बाळपणीची खेळणी. वडील नांगराचे फाळ पाजीत, गाडीच्या चाकांना धावा चढवीत. १९६८ सालची गोष्ट. आम्ही दहा वर्षांचे होतो. दिवेलागणीच्या सुमारास एका बागायतदाराची जीप आमच्या दारी येऊन थांबली. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात विकल्या गेल्या, त्यांपैकीच ती एक. रेडिएटरला इंजिनाकडून आधार देणारी सळई तुटली होती. आमच्याकडे उजेड कंदिलाचा. तेव्हा गाडीवानाने पुढच्या दिव्यामागचा एक नट हाताने सैल केला आणि तो दिवा बिजागरीवर उलटा फिरविला. त्याचा झोत रस्त्यावर पडावयाचा तो थेट इंजिनावर पडला. वडील क्षणभर पाहत राहिले आणि म्हणाले, "ज्याने ही गाडी केली, त्याने ती दुरुस्त करणाऱ्याची आठवण ठेवली आहे."

त्या उजेडात वडिलांनी सळई जोडून बसविली. आम्ही हौसेने हातोडा उचलावयास गेलो, तर त्यांनी तो आमच्या हातून काढून घेतला. म्हणाले, "हे तुझे काम नव्हे. तू लेखणी धर." आपल्या कामाची त्यांस लाज नव्हती. परंतु शेतकऱ्याच्या खळ्यावर बलुत्यासाठी उभे राहण्याचा त्यांस कंटाळा आला होता. आम्ही लेखणी धरली. पुढे वडील गेले, भाता कुजला, घणाचा दांडा वाळवीने खाल्ला. ऐरण तेवढी परसात राहिली. तिच्यावर सौभाग्यवती लोणच्याची बरणी उन्हास ठेवीत.

१९९६ साली एका विद्यार्थ्याच्या पालकांकडे मळ्यात गेलो असता, बाभळीखाली एक जीप दिसली. चाके नाहीत, टप नाही, आत कोंबड्या. पत्रा गंजून पायाने दबत होता. परंतु पुढच्या दिव्यामागे तीच बिजागरी होती. आम्ही घरी येऊन सौभाग्यवतींस सर्व सांगितले. किंमत १४,००० रुपये सांगितली, आणि सायकलीसाठी साठविलेले पैसे अधिक सहा महिन्यांची काटकसर एवढ्यात ते बसते, हेही सांगितले. त्यांनी विचारले, "कोंबड्यांसकट का?" आम्ही म्हणालो, "कोंबड्यांवाचून." त्या म्हणाल्या, "मग काय उपयोग! आणा, आणायची असेल तर." हा संवाद कृपया लक्षात ठेवावा. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

आता या गाडीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९४० साली अमेरिकेच्या लष्करास एक लहान, हलकी, चारही चाकांना गती असलेली गाडी हवी होती. त्यांनी १३५ कारखान्यांस विचारणा केली. बँटम नावाच्या एका लहानशा कारखान्याने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या साहाय्याने ४९ दिवसांच्या मुदतीत नमुना तयार करून २३ सप्टेंबर १९४० रोजी लष्कराच्या स्वाधीन केला. तथापि बँटमची कुवत लहान. सबब मोठे काम विलिस आणि फोर्ड या दोन कारखान्यांकडे गेले. बुद्धी एकाची आणि कीर्ती दुसऱ्याची, हा प्रकार आपल्या कारागीर ज्ञातीस नवा नाही. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. लांबी सुमारे ११ फूट, चार सिलिंडरांचे ६० अश्वशक्तीचे इंजिन, सुकाणू डावीकडे, पेट्रोलची टाकी चालकाच्याच आसनाखाली. आसाम व ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या गाड्या चिखलातून, नद्यांतून गेल्या. चाके बदलून आगगाडीच्या रुळांवरूनही त्या चालविल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि जीप हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत रुळला.

दोन निरनिराळ्या कारखान्यांनी बांधलेल्या गाड्यांचे भाग एकमेकांस बसत, ही यातली खरी करामत होय. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक धड गाडी करता यावी, हा त्यामागील हेतू. आमची गाडी फोर्डची. ते कसे ओळखावे? एक तर सांगाड्याचा अगदी पुढचा आडवा दांडा पाहावा. विलिसचा नळीसारखा गोल, फोर्डचा पालथ्या पन्हळीसारखा. दुसरे, फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर उठविले होते. आमच्या गाडीचा सांगाडा फोर्डचा निघाला, परंतु निम्म्याहून अधिक बोल्ट निरक्षर होते. कोणी कोणत्या गाडीचे काय बसविले, देव जाणे.

जीर्णोद्धाराचे काम मास्तरकीच्या शिस्तीने चालले. शंभर पानी वही घातली. जो भाग सुटेल त्याचे चित्र काढावयाचे, त्यास क्रमांक द्यावयाचा, तोच क्रमांक पुठ्ठ्यावर लिहून त्या भागास सुतळीने बांधावयाचा, आणि मगच तो रॉकेलच्या डब्यात टाकावयाचा. गंजलेला बोल्ट ओढून सोडवू नये. तेल पाजून रात्रभर ठेवावा, सकाळी हलकेच ठोकावा, आधी किंचित आवळावा आणि मग सैल करावा. हट्टी मुलासही हीच रीत लागू पडते. सिलिंडरांचे बोअरिंग आणि क्रँकचे काम शहरातील लेथवाल्यांकडून करून घेतले, कारण जे आपणांस येत नाही ते येत नाही असे म्हणण्यात कमीपणा नाही. परंतु तळाचा पत्रा, कंस, पट्ट्या, आकडे हे मात्र आम्ही स्वतः केले. ऐरणीवरची बरणी उतरविली, ऐरण लिंबाखाली ओंडक्यावर पुन्हा रोवली. पहिल्या दिवशी हातोडा तीनदा बोटावर बसला. महिन्याभराने वडिलांचा हात आमच्या हातात कोठेतरी असल्याची जाणीव झाली. वडिलांची आज्ञा मोडली काय, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. परंतु त्यांनी आम्हांस पोटासाठी घण मारण्यापासून सोडविले होते. लोखंडाशी वैर धरण्यास त्यांनी कधीच सांगितले नव्हते, असे आम्हांस आज वाटते.

१९९९ साली जीपमागे जोडावयाची पाव टनी गाडी, म्हणजे ट्रेलर, भंगारवाल्याकडे मिळाला. तोही विचारूनच आणला. २००२ च्या दसऱ्यास इंजिनाने सहा वर्षांनी पहिला श्वास घेतला. धुराने शेजारच्या वाळत घातलेल्या धोतरांची दुर्दशा झाली, ती धोतरे सौभाग्यवतींनी धुऊन दिली. इथवर सर्व ठीक चालले होते.

यापुढे छपराची कथा.

जीप सुरू झाली आणि आमच्या मनात मोह शिरला. एक झाली, आता दुसरी. जबलपूरच्या लष्करी वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत जोंगा नावाची गाडी बनत असे. मूळ जपानच्या निसान पेट्रोलवरून घेतलेली. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन. चढावर हत्तीसारखी जाणार आणि पेट्रोलही हत्तीसारखेच पिणार. लष्कराने लिलावात काढलेली अशी एक जोंगा एका व्यापाऱ्याकडे आल्याचे मार्च २००३ मध्ये आम्हांस कळले. किंमत ५८,००० रुपये. आमच्याजवळ एवढी रक्कम कोठून असणार?

त्याच सुमारास घराचे धाब्याचे छप्पर गळू लागले होते. पावसाळ्यापूर्वी ते काढून स्लॅब टाकावा असे घरात ठरले होते, आणि त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतून ७०,००० रुपये काढण्याचा अर्ज आम्ही केला होता. अर्जात कारणाच्या रकान्यात "घरदुरुस्ती" असे आम्हीच स्वहस्ते लिहिले होते. रक्कम हाती आली. ती आम्ही जोंगात घातली. ५८,००० गाडीस आणि १२,००० टायर-बॅटरीस. घरी सांगितले की, व्यापाऱ्याने गाडी दुरुस्तीसाठी आपल्याकडे ठेवावयास दिली आहे, आणि निधीची रक्कम कचेरीत अडकली आहे. बंधूंनो, ज्या इसमाने पंचवीस वर्षे मुलांकडून "नेहमी खरे बोलावे" हे वाक्य पाटीवर गिरवून घेतले, त्याने हे केले.

या काळात गावातील एक निवृत्त सुभेदार आमच्याकडे येऊ लागले. त्यांची हयात सैन्याच्या वाहनांवर गेलेली. लष्करी गाडीच्या क्रमांकात प्रथम वर टोक केलेला बाण असतो, त्यापुढील दोन आकडे गाडी सैन्यात आली ते साल सांगतात. आमच्या जोंगाच्या रंगाखाली तो बाण आणि ८३ हे आकडे पुसटसे दिसत होते. सुभेदारसाहेबांनी त्यांवरून बोट फिरविले, चालकाच्या जागी बसले, आणि अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, अशीच एक मी लडाखला चालवीत होतो. माझ्या शेजारी बसणारा परत आला नाही." तेव्हापासून ते दर रविवारी येत, फडके घेऊन गाडी पुसत. सौभाग्यवती त्यांस चहा देत.

त्या दिवशी आम्हांस प्रथम समजले की, या गाड्या म्हणजे हौशी लोकांची खेळणी नव्हेत. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरण भागात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने शत्रूचे पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच देह ठेवला. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांस मिळाले. रणगाड्यापुढे जीप म्हणजे पत्र्याचा डबा. त्या डब्यात बसून माणसे रणगाड्यांस सामोरी गेली. ज्यास जुनी लष्करी गाडी बाळगावयाची असेल, त्याने हे विसरू नये.

जुलै महिन्यात पावसाची झड लागली. एका रात्री छप्पर गळून कन्येची दहावीची पुस्तके-वह्या भिजल्या. ती ओली पाने चुलीपाशी एकेक वेगळी करून वाळवीत बसली होती. बाहेर जोंगा मात्र ताडपत्रीखाली कोरडी होती. नवी ताडपत्री आम्हीच आणली होती. सौभाग्यवतींनी दाराबाहेर पाहिले, मग छताकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, निधीचे पैसे आले होते ना?" आमच्या लग्नास तेव्हा एकवीस वर्षे झाली होती. त्या आम्हांस नेहमी "अहो" म्हणत. "गुरुजी" त्यांनी त्या रात्री प्रथमच म्हटले. आम्ही खरे ते सांगितले. त्यांनी भांडण केले नाही. गळणाऱ्या धारेखालचे पातेले भरले होते, ते बाहेर ओतले आणि परत जागेवर ठेवले.

दोन महिने गिऱ्हाईक शोधून सप्टेंबरात आम्ही जोंगा विकली. ५०,००० हाती आले. २०,००० चा खड्डा पडला. तो पुढील दोन वर्षे पगारातून भरला. दिवाळीपूर्वी स्लॅब पडला. जीप आणि ट्रेलरही विकण्याची आम्ही तयारी दाखविली. तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "जीप राहू द्या. ती आणताना मला विचारले होते."

श्रोतेहो, कोंबड्यांचा तो संवाद लक्षात ठेवा असे आम्ही का म्हटले, ते आता आपल्या ध्यानी आले असेल. आपण पुरुषमंडळी "घरच्यांची हरकत नाही" असे मोठ्या अभिमानाने सांगतो. परंतु हरकत नसणे आणि संमती असणे यांत फार मोठे अंतर आहे. घरची माणसे सोसतात, कारण त्यांस घर चालवावयाचे असते. त्या सोसण्यास आपण संमती म्हणतो. संमती विचारून मिळते, आणि तीही खरा आकडा सांगून विचारले तर. थट्टेच्या सुरात का होईना, १९९६ साली ती आम्हांस मिळाली होती. २००३ साली आम्ही ती मागितलीच नाही, कारण नकार मिळेल हे ठाऊक होते.

या प्रकरणात आणखी एकाचे नुकसान झाले, तेही सांगितले पाहिजे. जोंगा घेणाऱ्याने ती हमरस्त्यावरच्या एका धाब्यासमोर शोभेसाठी उभी केली, तिच्यावर भडक रंगाची जाहिरात रंगविली. सुभेदारसाहेबांनी ती एस.टी.तून जाताना पाहिली. ते आमच्याकडे येऊन एवढेच म्हणाले, "गुरुजी, माझी गाडी धाब्यावर उभी केलीत." नंतर कित्येक महिने ते आले नाहीत. जी वस्तू आपण न पेलणाऱ्या पैशाने आणतो, ती आपण राखूही शकत नाही. आणि मधल्या काळात तिच्यात कोणाचा जीव गुंतलेला असतो, हे आपल्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसते.

त्यानंतर घरात तीन नियम ठरले. ते तरुण मंडळींच्या उपयोगी पडतील म्हणून सांगतो. पहिला, छंदाचा पैसा दरमहा ठरलेला, तो सौभाग्यवतींच्या हातून घ्यावयाचा, आणि शिल्लक नसेल तर काम थांबवावयाचे. दुसरा, काम रविवारी दुपारपर्यंत; पंगतीस हात धुऊन वेळेवर हजर. तिसरा, एक वस्तू गेल्यावाचून दुसरी अंगणात यावयाची नाही. या नियमांमुळे जीप पूर्ण होण्यास २००७ साल उजाडले. परंतु त्या चार वर्षांत आम्हांस एकदाही कोणापासून काही लपवावे लागले नाही.

गाडी पूर्ण होताच रंगाचा प्रश्न आला. मूळ रंग अर्थातच लष्करी हिरवा. परंतु केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये संरक्षण खात्याच्या वाहनांवाचून इतर कोणत्याही मोटारीस ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. अकरा वर्षे जिची आराधना केली तिला तिचाच रंग नाही, याचे आम्हांस वाईट वाटले. एक-दोघांनी सल्ला दिला, "खेड्यात कोण विचारतो? द्या हिरवा." परंतु रकान्यात एकदा खोटे लिहून आम्ही पुरेसे शिकलो होतो. सौभाग्यवतींस विचारले. त्या म्हणाल्या, "धूळ दिसणार नाही असा द्या. पुसायचे मलाच आहे." म्हणून आमची जीप मातकट रंगाची आहे.

छंद आहे त्यांस व्यवहाराचे दोन शब्द. जुनी गाडी घेताना प्रथम कागद पाहावेत, मग सांगाड्यावरील क्रमांक पाहावा, दोन्ही जुळले तरच गाडी पाहावी. कागदावाचूनची स्वस्त गाडी ही सर्वांत महाग पडते. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी गाड्यांसाठी 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. अशी गाडी प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरास अगर धंद्यास नव्हे. सांगाडा, साटा व इंजिन यांत मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. म्हणून जुन्या जीपमध्ये डिझेलचे इंजिन बसविण्याच्या भरीस पडू नये. ज्यांस नुसते पाहावयाचे आहे, त्यांनी नगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, रणगाडा संग्रहालय पाहावे. ते १९९४ साली सुरू झाले. आमच्या शाळेच्या सहली आम्ही तेथे कित्येकदा नेल्या. मुलांस सोबत न्यावे. आणि गाडी दाखविताना त्यात बसणाऱ्या माणसाची गोष्टही सांगावी.

ट्रेलरविषयी एक आठवण सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. हा ट्रेलर नदीत तरंगावा अशा बेताने बांधलेला. त्याच्या तळाशी पाणी काढून टाकण्याची बुचे असतात. २०१३ च्या दुष्काळात आमच्या गावी टँकर आठवड्यातून दोनदा येई. हंडे-कळश्या पुरेनात. सौभाग्यवतींनी विचारले, "तुमची ती डबी गळते का हो?" आम्ही बुचे आवळली, ट्रेलर आतून स्वच्छ घासला, आणि तो पाण्याने भरला. त्या उन्हाळ्यात चार घरांचे वापरावयाचे पाणी त्यात साठले. अमेरिकेच्या अभियंत्यांनी बाहेरचे पाणी आत येऊ नये म्हणून जी युक्ती योजिली, तिने आमच्या दारी आतले पाणी बाहेर जाऊ दिले नाही. तेव्हापासून घरात छंदाविषयी बोलताना "तुमची" गाडी जाऊन "आपली" गाडी असा शब्द आला. हे सर्वनाम मिळविण्यास आम्हांस सतरा वर्षे लागली.

सुभेदारसाहेबांचा राग हळूहळू निवळला होता. २०१८ च्या प्रजासत्ताकदिनी शाळेच्या झेंडावंदनास त्यांस बोलाविले होते. त्यांचे गुडघे चालत नव्हते. सौभाग्यवती म्हणाल्या, "त्यांना आपल्या गाडीतून न्या." आम्ही मातकट रंगाबद्दल त्यांची आधीच क्षमा मागितली. ते पदके लावून शेजारी बसले, डॅशबोर्डावर हात ठेवला आणि म्हणाले, "रंग बरोबर आहे, गुरुजी. नोकरी संपली की वर्दी उतरवून ठेवायची असते." आम्हीही निवृत्त होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती, आणि शाळेत गेलो की नव्या मास्तरांच्या कामात बोलण्याची सवय सुटत नव्हती. त्या वाक्याने ती सुटली. २०१९ साली सुभेदारसाहेब वारले. ती जोंगा आता धाब्यासमोरही नाही. कोठे गेली ते कळले नाही. हे शल्य आमच्या मनात आहे आणि राहणार.

आमचे चिरंजीव पुण्यास असतात. "आता किंमत चांगली येईल, विकून टाका" असा त्यांचा सल्ला असतो, आणि तो अव्यवहारी नाही. कन्येने मात्र एकदा ती शंभर पानी वही मागून नेली आणि प्रत करून परत आणून दिली. ज्या मुलीच्या वह्या आमच्या मोहापायी भिजल्या, तिने आमची वही जपली. आमच्यामागे जीपचे काय व्हावयाचे ते त्या दोघांनी ठरवावे. त्यांस विचारल्यावाचून आम्ही काही ठरविणार नाही, एवढे आम्ही शिकलो आहोत.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी लोखंड वाकविले. लोखंड तापवून, वेळ पाहून, बेताने ठोकावे लागते. थंड लोखंडावर घण घातला तर लोखंड तुटते. घरही तसेच आहे. छंद जरूर असावा. निवृत्तीनंतर रिकाम्या हातांनी ओट्यावर बसून सुनेच्या स्वयंपाकात खोड्या काढण्यापेक्षा गंजलेला बोल्ट सोडवीत बसणे केव्हाही चांगले. परंतु छपराचा पैसा छपरास द्यावा, आणि घरी विचारताना खरा आकडा सांगावा.

छपराचे सांगून झाले आहे. काही राहिले असल्यास समोर बसलेल्या साक्षीदार दुरुस्ती करतील.